बिनखिडकीची खोली

ठेकेदारानं मारलेली फक्की तिनं पायानं पुसून टाकली. ऊन असं पेटलं होतं की चपलेखालचं ढेकूळसुद्धा चटका देत होतं, आणि ती एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाय घाशीत चालली होती.

"अहो बाई! काय करताय काय?" ठेकेदार ओरडला. त्याच्या दोन्ही हातांना पांढरी भुकटी लागलेली, टोपीखालून घाम निथळतोय. "दोन तास घातलेत मी त्या रेघांवर!"

"पाऊण तास. त्यातला पाव तास तुम्ही फोनवर होता."

"मालक, बघताय ना?" ठेकेदारानं तोंड फिरवलं.

मालक म्हणजे तिचा नवरा. तो बांधावर उकिडवा बसून काडीनं मातीत काहीतरी ओढीत होता. "हो," तो म्हणाला.

"मग सांगा की त्यांना."

"हो, सांगतो," तो म्हणाला आणि पुन्हा काडी ओढायला लागला.

गावात त्याला होयबा म्हणायचे ते उगीच नाही. माणूस लाखातला. नांगर धरला तर तासाची रेघ दोरीत मारल्यासारखी सरळ. बैलांशी दिवसभर गप्पा मारील, पण माणूस समोर आला की त्याच्या तोंडून 'हो'शिवाय शब्द फुटत नसे. कुणी म्हणालं आज पाऊस येणार, तर हो. दुसरा म्हणाला कसला पाऊस, तर त्यालाही हो. अशा माणसाबरोबर बावीस वर्षं संसार केला म्हणजे बाईची जीभ आपोआप दोघांपुरती होते. तिचीही झाली होती.

"हे बघा ठेकेदार," ती म्हणाली, "या तुकड्यात मी बावीस वर्षं खुरपतेय. सगळं रान करपून गेलं तरी एवढ्या जागेतली ज्वारी हिरवी. चार बोटं उंच. खाली कुठंतरी पाणी मुरतंय, नाहीतर जमीन पोकळ आहे. इथं भिंत उभी केली की ती पाणी पिणार. आठ पावलं वर चला. तिथं कुदळ मारली की ठिणगी उडते."

"ज्वारी बघून घरं बांधायची असती, तर लोक इंजिनियर कशाला झाले असते?"

"तुम्ही झालाय का?"

ठेकेदारानं उगीच खाकरल्यासारखं केलं. तो गवंड्याचा ठेकेदार झालेला माणूस. हातात कला होती, खोटं कशाला बोला. त्यानं लावलेली वीट जागची हलत नसे. पण ठेकेदार झाल्यापासून थापी सुटली आणि फटफटी आली. आता एका वेळी सहा कामं धरायची, सहाही ठिकाणी 'निघालोच' म्हणायचं आणि सातव्या ठिकाणी चहा पीत बसायचं, असा त्याचा दिवस जात होता.

"घर रस्त्याला लागून दिसलं पाहिजे मालक," तो बांधाकडं बघून म्हणाला. तिच्याशी बोलायचं झालं तरी तो बांधाकडं बघूनच बोले. "आठ पावलं मागं गेलं की शोभा गेली. खाली भर टाकू, दगड टाकू. पाया माझ्यावर सोडा."

"हो," होयबा म्हणाला.

ठेकेदारानं फटफटीला लाथ मारली आणि धुरळा उडवीत निघून गेला. ती तिथंच उभी राहिली. पायाची बोटं पांढरीफटक झाली होती.

आता हे घर तिला कशासाठी हवं होतं ते सांगायला पाहिजे. गावातल्या बोळात त्यांच्या वाट्याला दोन खोल्या होत्या. एकीत चूल, दुसरीत सगळं. मागल्या भिंतीला दिराचं न्हाणीघर. त्याच भिंतीला लागून तिचं बियाणं ठेवलेलं असायचं. गाव तिला बियाणेवाली म्हणायचं. ज्वारी, मका, काकडी, भोपळा, मिरची, काय हवं ते. पीक उभं असतानाच ती रानातून फिरून चांगलं कणीस, चांगलं फळ हेरून त्याला चिंधी बांधायची. मग ते वाळवायचं, निवडायचं, राखेत घोळायचं आणि वाळक्या भोपळ्यांत भरून तोंड शेणमातीनं लिंपायचं. पेरणीच्या वेळी अर्धं गाव तिच्या दारात. कुणी पायली नेई, सुगीला सव्वा पायली आणून देई.

तीन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघराच्या भिंतीनं घात केला. ओल आतल्या आत चढली, वरून कळलंच नाही. लोकांनी बी नेलं, पेरलं आणि वाट बघितली. उगवलंच नाही. अकरा घरची माणसं तिच्या दाराशी येऊन उभी राहिली. कुणी वेडंवाकडं बोललं नाही. नुसती उभी राहिली आणि गेली. ते उभं राहणं तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. त्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, "रानात घर बांधायचं. आणि त्यात एक खोली बियाण्याची. बाकी घर कसंही झालं तरी चालेल."

"हो," तो म्हणाला होता. ते एक 'हो' मात्र तिला फार गोड लागलं होतं.

खोली कशी हवी ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. उत्तरेच्या अंगाला. भिंती हातभर जाड. जमीन बाकी घरापेक्षा वीतभर उंच. खिडकी नाही, फक्त वर छताखाली मूठभर झरोका. दार जाड आणि घट्ट, म्हणजे उंदीर शिरणार नाही. एवढंच. एवढंच समजवायला सहा महिने गेले.

पहिला कागद आला तो जसाच्या तसा मास्तरांच्या घराचा होता. खाली मास्तरांचं नाव पेनानं खोडलेलं, पण वाचता येत होतं.

"हे मास्तरांचं घर आहे," ती म्हणाली.

"छान आहे की नाही?" ठेकेदार म्हणाला. "मास्तर खूश आहेत."

"मास्तर पुस्तकं ठेवतात. मला बियाणं ठेवायचंय. खोली कुठाय?"

दुसरा कागद दीड महिन्यानं आला. त्यात खोली होती, पण तिला एवढी मोठी खिडकी आणि बाहेर पायऱ्या. ठेकेदारानं बोट ठेवून कौतुकानं सांगितलं, "पाहुण्यांची खोली."

"पाहुणे माझ्याकडं अंगणात झोपतात. ही बियाण्याची खोली आहे. तिला खिडकी नको."

"खिडकी नको?" त्यानं बांधाकडं बघावं तसं होयबाकडं बघितलं. "मालक, खिडकी नसलेली खोली म्हणजे काय तुरुंग बांधायचाय? उद्या लोक म्हणतील, ठेकेदार खिडकी विसरला. माझं नाव जाईल!"

"तुमचं नाव जाऊ नये म्हणून माझं बी कुजवू का?"

"तसं नाही हो… बघतो. करतो काहीतरी."

'करतो काहीतरी' म्हणाला की काहीच करणार नाही, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. चार वेळा फोन, चार वेळा 'निघालोच'. शेवटी ती स्वतः चालत त्याच्या दुसऱ्या कामावर गेली. तिथं कळलं, तो तिसऱ्या कामावर. तिसऱ्या कामावर गेली तर तिथली घरधनीण विटांच्या ढिगावर गालाला हात लावून बसलेली. "तुम्हीपण त्यालाच शोधताय का?" तिनं विचारलं. दोघी मग बराच वेळ त्या ढिगावर बसून राहिल्या. दोन परक्या बायका, पण दुखणं एकच.

तिसरा कागद आला तेव्हा ती विहिरीवर होती. घरी आली तर ठेकेदार येऊन गेलेला आणि कागदावर होयबाची सही.

तिनं कागद हातात घेतला. बियाण्याची खोली होती. झरोका होता. खिडकी नव्हती. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग तिनं शेजारची खोली वाचली. न्हाणीघर. दोन्हींच्या मधे एकच भिंत.

"तुम्ही हे बघितलं?" तिचा आवाज एकदम खाली गेला.

"हो."

"न्हाणीघराला चिकटून? पुन्हा? डोळे कुठं होते तुमचे?"

"तो म्हणाला, नळ एका बाजूला आले की सोपं पडतं," तो पुटपुटला.

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो."

त्यानंतर चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि तोंड फिरवायची. पाचव्या दिवशी सकाळी तो स्वतःच म्हणाला, "माझ्यापुढं कुणी जोरात बोललं की मला काही सुचत नाही. पहिल्यापासून असंच आहे." त्याचं तोंड बघून तिला राग आला, कीव आली आणि मग एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस ठेकेदाराला हो म्हणत नाही आणि तिलाही हो म्हणत नाही. जो शेवटी बोलतो त्याला हो म्हणतो. म्हणजे आपण शेवटी बोलायला पाहिजे, एवढंच.

खोदकामाचा दिवस ठरला. माणसं आली, चार गडी, तीन बाया आणि त्यांची मुकादमीण, पदर कमरेला खोचलेली, पान खाऊन ओठ लाल झालेली. ठेकेदार काही आला नाही. फोन केला तर म्हणाला, "सुरू करा, अर्ध्या तासात पोहोचतो."

मुकादमीण तिला बघून म्हणाली, "रेघा कुठं आहेत? खणायचं कुठं?"

ठेकेदारानं परत मारलेल्या रेघा जुन्याच जागी होत्या, खालच्या. बियाणेवालीनं पहार उचलली, रेघेच्या कोपऱ्यावर उभी केली आणि नुसता भार दिला. पहार हातभर आत गेली. लोण्यात सुरी जावी तशी.

मुकादमीण वाकली. पहार उपसून तिच्या टोकाची माती बोटांत चुरगळली, नाकाला लावली. "हा जुना खड्डा दिसतोय कुणीतरी बुजवलेला," ती म्हणाली. "इथं घर म्हणजे दलदलीत खाट."

"वर चल माझ्याबरोबर."

आठ पावलं वर तिनं पहार मारली. खण्णकन वाजली. हाताला झिणझिण्या आल्या.

"हं," मुकादमीण म्हणाली. "हा मुरूम. पण बाई, कागद ठेकेदाराचा. उद्या तो माझ्यावर खेकसेल. मालकांनी तोंडानं सांगितलं तर खणते."

होयबा बांधावर होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. ठेकेदार नव्हता, फटफटी नव्हती, कुणी जोरात बोलणारं नव्हतं. "अहो," ती म्हणाली, "घर आठ पावलं वर घ्यायचं. न्हाणीघर दुसऱ्या टोकाला. या बाईंना सांगा."

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग मुकादमिणीकडं. "हो," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "वरच खणा," असंही म्हणाला. बावीस वर्षांत सगळ्यांदेखत तो दोन शब्द जास्त बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिनंच दोरी धरली. खोल्या पावलांनी मोजल्या, कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, न्हाणीघर पार दक्षिणेच्या टोकाला नेलं. चार दिवस कुदळी चालल्या. ठेकेदाराचा अर्धा तास चार दिवसांचा झाला. पाचव्या दिवशी फटफटी आली तेव्हा चर पुरुषभर खोल गेले होते.

"हे काय?" त्याचा आवाज चिरका झाला. "हे कुणाच्या बापाला विचारून?"

मुकादमीण खाली चरातून म्हणाली, "मालकांनी सांगितलं."

"मालक?"

"हो," होयबा म्हणाला.

"अहो पण सही कुठल्या कागदावर केलीत? बुजवा सगळं! पुन्हा खाली घ्या! नाहीतर दुसरा ठेकेदार बघा, मी चाललो!"

होयबाचं तोंड उघडलं. तो 'हो' म्हणणार हे तिला इतक्या लांबून दिसलं. ती मधे घुसली. "दुसरा कुठून बघणार? तुमच्यासारखा पाया भरणारा या भागात आहे कोण?" राग गिळून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "चिडू नका. घ्या पाणी. खाली बघायचंय ना? चार दिवस थांबा. खालच्या जागेत माझ्या हातानं एक खड्डा घेते. तो कोरडा राहिला तर खाली बांधू."

ठेकेदार पाणी प्यायला, पुन्हा एकदा सगळ्यांवर खेकसला आणि निघून गेला. गेला म्हणजे लवकर येणार नाही, याची तिला खात्री होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी दुपारी आभाळ अचानक काळंनिळं झालं. वारा असा सुटला की गड्यांची पागोटी रानभर पळाली. मग घटकाभर अवकाळी झोडपून गेला, टपोरा, तिरपा, अंगावर खडे मारल्यासारखा. पाऊस थांबल्यावर सगळे बघायला गेले. वरच्या चरांतलं पाणी तासाभरात जिरून गेलं होतं, तळाला स्वच्छ पिवळा मुरूम. खालच्या जागेत तिनं घेतलेला खड्डा मात्र दिसतच नव्हता. कडा ढासळून तिथं म्हैस बसेल एवढं डबकं झालं होतं.

डबक्याची बातमी ऐकून ठेकेदार आला. डबक्याच्या काठावर उभा राहिला. एक खडा आत टाकून बघितला. बियाणेवालीनं ओठ दाताखाली धरून ठेवले होते. एक शब्द निसटला असता तर पुढचे शंभर आले असते.

"वरच बांधू," तो बांधाकडं बघून म्हणाला. "मला पहिल्यापासून शंका होतीच."

घर उभं राहायला लागलं. पण सरळ काही होईल तर तो ठेकेदार कसला! वीतभर उंच जमीन सांगितली तर चार बोटं केली, तोडून पुन्हा करायला लावली. ती रोज जाऊन बसायची. एकदाच, थोरल्या बहिणीला बरं नव्हतं म्हणून दोन दिवस तिच्याकडं गेली, आणि परत आली तर बियाण्याच्या खोलीला खिडकी. चांगली काचेची, निळा रंग दिलेली.

"मास्तरांच्या कामातली एक चौकट उरली होती," ठेकेदार म्हणाला. "म्हटलं, वाया कशाला घालवायची? तुमचा फायदाच झाला."

त्या वेळी मात्र ती भांडली नाही. तिच्यात भांडायचं बळच उरलं नव्हतं. ती खोलीत जाऊन त्या खिडकीकडं बघत बसली. उजेडाची एक चौकट नेमकी तिथं पडली होती, जिथं भोपळे मांडायचे. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं रागानं पुसलं.

बाहेर काहीतरी धपकन पडलं. बघते तर होयबा. डोक्यावरचं विटांचं घमेलं खाली ओतून तो परत दुसऱ्या खेपेला चालला होता. तिनं सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

दोघांनी मिळून ती खिडकी आतून बुजवली. तिनं चिखल तुडवला, त्यानं विटा दिल्या, तिनं रचल्या. वाकड्यातिकड्या, पण दुहेरी. वरून गिलावा. बाहेरून बघावं तर निळी काचेची खिडकी, आतून सपाट भिंत. गावातली माणसं बघून हसायची. हसू देत, ती म्हणाली.

ती दोघं राहायला गेली. भोपळे मांडले गेले. सगळं झालं, फक्त एक राहिलं. खोलीच्या दाराची कडी बसत नव्हती. दार ओल्या लाकडाचं केलेलं, ते वाळून वाकलं आणि कडी कोयंड्यापासून दोन बोटं वर राहिली. दोरीनं बांधून ठेवायची, तरी उंदरानं वाट काढलीच. मिरचीचा एक भोपळा पोखरला. ठेकेदाराला निरोपावर निरोप. "अहो, एका कडीसाठी?" "येतो की." चार महिने झाले. पेरणी तोंडावर आली.

एक दिवस सकाळी फटफटी आली आणि तिच्यामागं एक गाडी. गाडीतून एक जोडपं उतरलं, नव्यानं घर बांधायला निघालेलं. बाईच्या हातात वहीची पानं, त्यांवर तिनं स्वतः काढलेल्या खोल्या.

"हे बघा," ठेकेदार अंगणातूनच हात पसरून सांगत होता. "आधी घर खाली येणार होतं. पण मी मातीचा वास घेतला. म्हटलं, मालक, इथं नाही, आठ पावलं वर. मालक ऐकायला तयार नव्हते. काय मालक?"

"हो," होयबा म्हणाला.

"आणि बिनखिडकीची बियाण्याची खोली. ही माझीच कल्पना. बाहेरून शोभा, आतून भिंत! असं काम तुम्हाला दुसरीकडं दिसणार नाही."

दारात उभ्या असलेल्या बियाणेवालीच्या मस्तकात तिडीक गेली. जिभेवर सगळं आलं. फक्की, पहार, तीन कागद, डबकं. पाहुण्यांपुढं असा सोलून काढीन की पुन्हा फटफटीवर बसणार नाही, असं तिच्या मनात आलं. ती दोन पावलं पुढं झाली. तेवढ्यात तिची नजर त्या दाराच्या दोरीवर गेली.

ती थांबली. मग हसली.

"खरं आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "असा ठेकेदार दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. घर देऊन मोकळे झाले नाहीत हो. आता हीच कडी बघा. जरा बसत नव्हती, तर आज मुद्दाम वाट वाकडी करून आलेत ती बसवायला. दुसरा असता तर उद्या-परवा म्हणाला असता."

ठेकेदाराचा हात हवेत राहिला. नवीन माणूस कौतुकानं त्याच्याकडं बघायला लागला. "वा," तो म्हणाला. "बसवा की मग, आम्ही थांबतो. आम्हाला काही घाई नाही."

"हो," होयबा म्हणाला आणि घरातून हातोडी, पेचकस, रंधा, सगळं एका दमात आणून पुढ्यात ठेवलं.

ठेकेदारानं टोपी काढली. कोपऱ्यात ठेवली. गुडघे टेकून दार उतरवलं, रंधा मारला, पुन्हा चढवलं. कितीतरी वर्षांनी हातात हत्यार आलेलं. घाम हनुवटीवरून टपटपत होता, पण हात विसरले नव्हते. कडी खाली सरकली, कोयंड्यात बसली, पुन्हा निघाली, पुन्हा बसली.

नवी बाई हळूच तिच्याजवळ सरकली. वहीची पानं छातीशी धरून तिनं कानात विचारलं, "ताई, खरंच एवढं ऐकतात का हो हे?"

बियाणेवालीनं दाराकडं बघितलं. एक स्क्रू अजून राहिला होता.

"थांब जरा," ती म्हणाली. "तेवढा बसू दे. मग सांगते."